शंकरपाळी मांडणीची गोधडी करताय? आधी कडेचे त्रिकोण समजून घ्या

ब्लॉक, म्हणजे गोधडीचे सुटे चौकोन, शिवता येतात आणि शिवणीसाठी पाव इंचाची माया सरळ राखता येते असं धरूनच लिहितेय. शंकरपाळी मांडणी म्हणजे ब्लॉक कोनावर उभे करायचे आणि ओळी तिरक्या शिवायच्या. माझ्या पहिल्या अशा गोधडीत नेरुळच्या घरात अख्खा पावसाळा गेला, त्यातला निम्मा वेळ उसवण्यात. अजून आठवलं की जीव कसनुसा होतो, म्हणून सविस्तर सांगते.

मापाचं पटकन. तयार ब्लॉक १० इंचाचा असेल तर तिरका ठेवल्यावर तो १० इंच जागा घेत नाही, १.४१४ ने गुणायचं, १४.१४ होतात. आडवे ३ आणि उभे ४ ठेवले की वरचा थर साडेबेचाळीस बाय साडेछप्पन्न होतो. मधल्या जागांत अजून ६ बसतात, एकूण १८. ते ६ प्लेन ठेवा, मेहनत वाचते आणि धावदोऱ्याला मोकळी जागा मिळते. प्रिंट मात्र नीट बघून घ्या, हत्ती-मोर असतील तर ते पण कलतात.

आता कडा. तिरक्या ब्लॉकांमुळे कडेला उरलेल्या जागा भरायला बाजूला १० मोठे त्रिकोण लागतात आणि कोपऱ्यांना ४ छोटे. इथे मी फसले. तेव्हा ठाण्याला क्लासला जायचे, ट्रान्स-हार्बर लोकलने. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, चौकोन अर्धा काप, झाला त्रिकोण." मी ११ इंचाचे चौकोन घेऊन मधून एकदाच कापले. बसले की छान! शिवलं, कडेच्या मापाने बॉर्डर लावली आणि हॉलमध्ये जमिनीवर पसरलं, तर मधला भाग फरशीला सपाट आणि चारी बाजूंना झोळ, फ्रॉकच्या घेरासारखा. टेप लावली तर छप्पन्नच्या जागी कड अठ्ठावन्नच्या वर गेलेली. इस्त्री फिरवली तसा झोळ वाढतच गेला, रडूच आलं.

कारण असं आहे. चौकोन एकदा तिरका कापला की त्रिकोणाची लांब बाजू उरेब होते, म्हणजे धाग्याला तिरकी जाते. उभा धागा ताणत नाही, आडवा थोडासा, पण उरेब कापड नुसतं हातात धरलं तरी लांबतं. आणि बाजूच्या त्रिकोणाची हीच लांब बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेला येते, तिला धरून ठेवायला पलीकडे काहीच नसतं. म्हणून बाजूच्या त्रिकोणांसाठी चौकोन मोठा घ्यायचा आणि दोन्ही कर्णांवर कापायचा, फुलीसारखा. मग एका चौकोनाचे चार त्रिकोण होतात आणि लांब बाजू सरळ धाग्यावर राहते. माप: ब्लॉकचा कर्ण अधिक सव्वा इंच. १४.१४ अधिक १.२५, म्हणजे साडेपंधराचा चौकोन घ्या. असे ३ पुरतात, दोन त्रिकोण उरतात.

कोपऱ्याचं उलटं आहे! तिथे छोट्या बाजू बाहेर येतात, म्हणून चौकोन एकदाच कापायचा. ब्लॉक भागिले १.४१४ अधिक सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे ८ इंचाचे २ चौकोन. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर हे सगळं एका मीटरमध्ये निघतं. पण दोन्हीकडे एकच पद्धत वापरलीत तर एक तरी कड उरेब होणारच, हे कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

गोधडीची मापं काढून देणाऱ्या अॅपवर माझा राग आहे. ते आकडे अचूक देतं, धागा कुठल्या दिशेला ते मी वापरलेल्या अॅपने कधीच सांगितलं नाही. आधी आलेखाच्या वहीत काढा, बाणाने धागा दाखवा, मगच कात्री. शिकवणारीने तुमचं कापड स्वतःच कापून दिलं तर दुसरी शोधा, माझं स्पष्ट मत आहे.

आधीच चुकीचं कापून बसला असाल तर घाबरू नका, कापड फुकट गेलेलं नाही. त्रिकोणांना कांजी करा, कडेपासून एक सूत आत साधी टीप मारा, इस्त्री घासू नका, वरून नुसती दाबा. बॉर्डरचं माप कडेवर घेऊ नका, गोधडीच्या मधोमध घ्या, दोन टोकं आणि मध्य टाचून जास्तीचं कापड हळूहळू सामावून घ्या. दोन इंचांपर्यंत असं बसतं. मी तेव्हा नवीन कापड आणून दहाही त्रिकोण परत कापले, कारण ऑर्डर होती आणि बाळाची होती.

ओळी जोडताना फरशीच्या सांध्यांवर मांडून बघा, ६ तिरक्या ओळी येतात, १, ३, ५, ५, ३, १ अशा, आणि टोकांना त्रिकोण. शेवटी कडा सारख्या करताना ब्लॉकच्या टोकापासून पाव इंच सोडूनच कापा, नाहीतर बॉर्डर लावल्यावर टोकं तुटलेली दिसतात.