सायकलची ट्यूब आतून फुटतेय? रिम टेप बघा
पंक्चर ट्यूबच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडच्या बाजूला असेल, तर रस्त्यावरच्या खिळ्याला दोष देऊ नका. टायर काढा आणि रिम टेपवरून, म्हणजे रिममधली आऱ्यांची भोकं झाकणाऱ्या पट्टीवरून, बोट फिरवा. आऱ्याच्या भोकावर खळगा लागला किंवा भोकाची कड उघडी दिसली, तर पट्टी बदलाच. साध्या सायकलला रबरी पट्टी पुरते. पण रोड बाईकमध्ये, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलमध्ये, ८०-१०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली की रबर भोकात दबतं. तिथे कापडी किंवा नायलॉनची टेप घ्या. रुंदी अशी हवी, की भोकं पूर्ण झाकतील, पण टायरची कड बसते तिथवर टेप चढणार नाही. इलेक्ट्रिशियनची काळी टेप? मीही लावली होती. उन्हात गोंद सुटला आणि टेप सरकून भोकं उघडी पडली.