जुन्या घराचा सागवानी दरवाजा: माझा अनुभव

आमच्या कोकणातल्या घराचा पुढचा दरवाजा दर पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकायचा. सगळे म्हणत, रंधा मारून घ्या. मी थांबलो. पावसात फुगलेलं लाकूड तासलं की उन्हाळ्यात तिथेच बोटभर फट पडते. मार्चमध्ये, लाकूड पूर्ण सुकल्यावर, काम काढलं.

ऑइलपेंटचे थर किती होते देव जाणे. हिरवा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली आणखी हिरवा. जुन्या रंगात विषारी शिसं असू शकतं (घरगुती रंगांत ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून आली), त्याची धूळ उडू नये म्हणून कोरडं घासणं टाळलं. पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने खरवडलं, उरलेलं वॉटर पेपरने पाणी मारत काढलं. मास्क होताच. नक्षीच्या खाचांत टूथब्रश आणि बांबूची काडी. लोखंडी ब्रशने कोरीव कडा बोथट होतात.

खरं दुखणं तळाशी होतं. पागोळ्यांचं पाणी उडून खालची पट्टी भुसभुशीत झालेली. सुताराने सडका भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला. फळीचं खालचं टोक कोणी रंगवत नाही आणि पाणी तिथूनच वर चढतं! तिथे तेल अगदी मुरेपर्यंत पाजलं.

बाकी दरवाजाला उकळलेलं जवसाचं तेल (घरी उकळायचं नाही, ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून तयार मिळतं ते): पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे नुसते, पातळ. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा.

आता दर मे महिन्यात तेलाचा एक हात देतो.