शाळेच्या प्रश्नमंजुषेसाठी प्रश्न कसे काढावेत

बेळगाव-खानापूर भागातल्या मराठी शाळांत मी प्रश्नमंजुषा घेते. नवीन शिक्षिका विचारतात, "बाई, असले प्रश्न तुम्हाला सापडतात तरी कुठे?" म्हणून हे लिहिते.

सुरुवात आपल्या गावापासून करा. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष गांधीजी होते, हे इथल्या चौथीतल्या पोरालाही पाठ असतं. तो प्रश्न नको. त्या अधिवेशनात स्वागतगीत गायलेली ११ वर्षांची मुलगी पुढे किराणा घराण्याची थोर गायिका झाली, ती कोण, असं विचारा. उत्तर गंगूबाई हनगल. आपल्याच वयाची मुलगी तिथे गायली म्हटल्यावर मुलं कान टवकारतात.

माझा सगळ्यात लाडका प्रश्न फडेप्पा चौगुल्यांचा. बेळगावचा हा धावपटू १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. पण एवढ्यावर थांबू नका, मिळालेली माहिती अजून थोडी उकरा. 'चौगुले किती किलोमीटर धावले?' असं विचारलं की हुशार मुलं झटक्यात ४२.१९५ सांगतात. मॅरेथॉनचं हे अंतर कायमचं ठरलं १९२१ साली! अँटवर्पची शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे ५५५ मीटर जास्त. वजाबाकी मुलांनाच फळ्यावर करायला लावा. एका प्रश्नात खेळ, इतिहास आणि गणित तिन्ही येतं, आणि आपल्या मातीतला माणूस मुलांच्या कायमचा लक्षात राहतो.

'एकमेव', 'पहिला', 'फक्त इथेच' असे शब्द दिसले की मात्र जपून. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. ते जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. नंतर ते मेघालयात सापडलं, कंबोडियातही सापडलं. जुन्या पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उचललं तर मुलांच्या डोक्यात चुकीचं बसतं, आणि ते मला अजिबात खपत नाही.

प्रश्न जाड कागदावर लिहा. मागे उत्तर, साल, पुस्तकाचं नाव आणि पान. स्पर्धेच्या दिवशी ती पुस्तकं टेबलावर हवीतच. एखाद्या संघाने हरकत घेतली तर पान उघडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. हरकत बरोबर असेल तर गुण तिथल्या तिथे द्या.