टिंगूच्या अंगाला वास येतो, पण कुठून?

माझ्या कुत्र्याचं टिंगू हे नाव ठेवलं तेव्हा तो माझ्या ओंजळीत मावत होता. आज त्याचं वजन 30 किलो आहे आणि अंगावर केसांचे दोन थर आहेत: वर राठ केस, आत कापसासारखी दाट लव. ही आतली लव पावसाचा थेंब, माती, लाळ, सगळं जपून ठेवते, आणि दोन दिवसांनी त्याचा वास आपल्याला परत करते.

पहिलं वर्षभर मी एकच उपाय केला. वास आला की आंघोळ. दर आठवड्याला. सुरुवातीला माझाच शाम्पूही वापरला. चार महिन्यांत अंगावर कोंडा, दिवसभर खाजवणं, आणि वास आधीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी केस बाजूला करून कातडी दाखवली आणि समजावलं: कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ, तिची आम्लताही वेगळी, आपली आम्लाकडे झुकलेली, त्यांची उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्क, याच्या आसपास. वरचं तेल सारखं धुऊन काढलं की कातडी कोरडी पडते, खाजवून ओरखडे उठतात आणि तिथे जंतू आणि यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, माजतात. म्हणजे वास मीच पोसत होते.

तेव्हापासून मी आधी वास कुठून येतोय ते शोधते. टिंगू गाढ झोपला की नाकापासून शेपटीपर्यंत त्याला हुंगते. घरातले हसतात, हसू देत. कानाची पाळी उलटून वास घ्या. आंबूस, कुबट वास आणि तपकिरी मळ असेल तर तो कानाचा आजार आहे, अंगावर काहीही फवारून जाणार नाही. मग तोंड. हे लोक विसरतातच. कुत्रा दिवसभर अंग चाटतो, त्यामुळे घाण दातांचा वास लाळेतून पंजांवर आणि पोटावर जातो. मी रोज रात्री कुत्र्यांच्याच टूथपेस्टने त्याचे दात घासते. आपली चालत नाही. ती तो गिळणार, आणि काहींत झायलिटॉल नावाचं गोडी आणणारं द्रव्य असतं, जे कुत्र्यांना विष आहे. शेवटी मागची बाजू. सडक्या मासळीसारखा वास आणि जमिनीवर बूड घासत चालणं, म्हणजे गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथी भरल्यात. त्या घरी दाबायच्या भानगडीत मी पडत नाही.

पंजांना भाजलेल्या मक्यासारखा हलका वास मात्र बहुतेक कुत्र्यांना असतोच. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांच्या गाद्यांनाच येतो आणि त्या ओलीत जिवाणू राहतात. बोटांमधली कातडी लाल नसेल, तो सारखा चाटत नसेल, तर सोडून द्या. मला तर तो वास आवडतो.

आता रोजचं काम. खरं औषध ब्रश आहे. एक दिवसाआड 10 मिनिटं. आधी रेक, म्हणजे लांब दातांची फणी, कारण साधा ब्रश वरवर फिरतो आणि आतली गळलेली लव तशीच अडकून राहते. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, हलक्या हाताने. मांड्यांच्या मागे, कानामागे आणि काखेत गुंता होतो. तिथे बोटांनी सोडवून मग फणी. गुंत्यात हवा खेळत नाही, ओल मात्र आठवडाभर राहते. ब्रशही धुवा. मी तो सहा महिने धुतला नव्हता, म्हणजे रोज जुनाच वास नव्याने फासत होते.

बाहेरून आल्यावर साध्या पाण्यात पिळलेला फडका, पंजे आणि पोट, बस. त्यानंतर कोरडं करणं पुसण्याहून महत्त्वाचं आहे. ओल्या कुत्र्याचा तो प्रसिद्ध वास येतो कारण केसांमधल्या जिवाणू-यीस्टने तयार केलेली द्रव्यं पाण्याच्या वाफेबरोबर हवेत उठतात. म्हणून मायक्रोफायबरचा टॉवेल दाबून पाणी टिपायचं, खसाखसा चोळायचं नाही. चोळलं की गुंता. बोटांच्या मधे, ओठांच्या वळ्यांत, पट्ट्याखाली हात घालून बघा. ड्रायर लावायचा तर थंड हवेवर.

पट्ट्याचं सांगायचं राहिलंच. एकदा टिंगूला ब्रश केला, पुसला, तरी मान वास मारतच होती. पट्टा काढून हुंगला आणि कळलं. नायलॉनचा पट्टा दर आठवड्याला धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. गादीची खोळही तशीच, गरम पाण्यात. स्वच्छ कुत्रा मळक्या गादीवर झोपला की सकाळपर्यंत पूर्ववत.

फारच तेलकट वाटला तर चमचाभर साधं कॉर्नफ्लोर मुळांशी चोळून पाच मिनिटांनी ब्रशने पूर्ण काढते. चेहरा सोडून आणि केस कोरडे असतानाच. टाल्कम पावडर नको, तिची धूळ फुफ्फुसात जाते. बेकिंग सोडाही नको, चाटून जास्त पोटात गेला तर विषबाधा होते. टी ट्री ऑइल तर घरात कुत्र्याच्या आसपासही नको.

आणि अत्तरं, सुगंधी स्प्रे? एकदा मी लव्हेंडरवाला मारला. टिंगू दहा वेळा शिंकला, मग बागेत जाऊन चिखलात पाठ घासून आला. त्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 20 कोटींच्या वर असतात, आपल्या सुमारे 50-60 लाख. आपल्याला मंद वाटतो तो सुगंध त्याला कानाजवळ वाजवलेल्या ढोलासारखा.

एवढं सगळं करून वास दोन-तीन दिवसांत परत येत असेल, किंवा एकाएकी बदलला असेल, तर ब्रश बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तोंडाला गोडसर, फळांसारखा वास आला तर त्याच दिवशी. तो मधुमेह बिघडल्याचा असू शकतो.

आणि कधी तो कुठल्या तरी मेलेल्या प्राण्यावर लोळून, जग जिंकल्याच्या ऐटीत दारात उभा राहील. त्या दिवशी वरचं सगळं विसरायचं आणि सरळ बादली भरायची.