होम लोनची अडकलेली फाइल कशी सुटली

नोकरदारांचं गृहकर्ज बऱ्याचदा पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि एखाद्या फोनवर आटोपतं. आमच्यासारख्या दुकानदारांकडे मात्र बँकेचा माणूस येऊन बसतो. ‘पर्सनल डिस्कशन’ म्हणतात त्याला; मुलाखतच ती. इंदूरला राजवाड्याजवळ आमचं शिलाईच्या सामानाचं दुकान. साहेबांनी अस्तराचे तागे न्याहाळले, गल्ल्यावर नजर टाकली आणि अडले एकाच जागी: ऑक्टोबरमध्ये खात्यात एवढी रोकड कुठून आली? (दिवाळीआधी शिंप्यांची काय झुंबड असते, ते त्यांना कोण सांगणार!) तोंडी उत्तर दिलं, फाइल तिथंच थांबली.

मग हिनं रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) काढला. प्रत्येक मोठ्या भरण्यासमोर पेन्सिलीनं त्या दिवसांची रोख विक्री लिहिली, शेजारी जीएसटी रिटर्नचा महिना, आणि मागच्या दिवाळीचा भरणाही जोडला. कागद ईमेलनं पाठवले. थोड्याच दिवसांत मंजुरी आली.

30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के ही रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे; तेवढे मिळतीलच असं धरू नका. आणि सहअर्जदारालाही मुलाखतीच्या दिवशी दुकानात बसवा, प्रश्न त्यांनाही येतात.