मुंबईची रात्र: एका रात्री एकच पट्टा

मुंबईत रात्री भटकायला निघण्याआधी परतीचं साधन ठरवा, मग ठिकाण निवडा. हे शहर उभं, लांबलचक आहे. जेवण मोहम्मद अली रोडला, गाणं लोअर परळला आणि शेवट जुहूच्या वाळूत असा बेत आखला की निम्मी रात्र टॅक्सीत जाते. एका रात्री एकच पट्टा धरा. घर उपनगरात असेल तर दक्षिणेकडून सुरुवात करून उत्तरेकडे सरका, म्हणजे प्रत्येक टप्प्याला घर जवळ येत जातं.

गाड्यांचं गणित

चर्चगेटहून शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास बोरिवलीकडे सुटते. विरारची शेवटची गाडी त्याच्या थोडी आधी जाते. मध्य रेल्वेवाल्यांना घाई जास्त. कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या बारा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सीएसएमटी सोडतात. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून निघण्यापूर्वी एम-इंडिकेटर ॲपवर त्या दिवसाची वेळ पाहा. पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवण्याची वेळ, बऱ्याचदा शनिवारी मध्यरात्रीनंतर असतो, आणि नेमकी तीच रात्र लोक फिरायला निवडतात. ब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावरून धावतात आणि मधली काही स्टेशनं गाळली जातात.

आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो जाताना फार सोयीची आहे. मात्र तिची शेवटची गाडी साडेदहाच्या आसपास असल्यामुळे परतीसाठी तिचा भरवसा धरू नका. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंतच येते, त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणजे १०० रुपयांचे १२५. याहून जास्त मागितलं तर दुसरी गाडी बघा.

कायदा आणि बिल

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकीच्या दारूसाठी २५. त्यामुळे २३ वर्षांच्या मुलाला बिअर मिळते, रम मिळत नाही. वेटरने नकार दिला तर त्याच्याशी वाद घालू नका. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. एक दिवसाचा परवाना अगदी किरकोळ पैशांत बारमध्येच मिळतो. ओळखपत्र मात्र सोबत ठेवा.

बार दीड वाजता बंद होतात आणि शेवटची ऑर्डर त्याच्या अर्धा तास आधी घेतात. उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आहे, म्हणून गच्चीवरच्या जागी गाण्यासाठी जायचं तर आठलाच पोहोचा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २ ऑक्टोबर आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे असतात, म्हणजे दारू मिळत नाही. चौपाटीवर किंवा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बाटली उघडणं हा गुन्हा आहे. पिऊन गाडी चालवताना सापडलात तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाकाबंदी शुक्रवार-शनिवारी हमखास लागते, त्यामुळे गाडी घरीच ठेवलेली बरी.

बिलात दारूवर व्हॅट आणि जेवणावर जीएसटी वेगवेगळे लागतात. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. नको असेल तर तो काढायला सांगा.

कुलाबा, फोर्ट, मरीन ड्राइव्ह

पहिल्यांदाच रात्रीची मुंबई बघणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. सगळं चालत होतं आणि शेवटी चर्चगेट किंवा सीएसएमटी हाताशी असतं. संध्याकाळी सातला कुलाबा कॉजवेवर या. १८७१ पासूनचं लिओपोल्ड आणि व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भरलेल्या भिंतींचं मोंडेगार एकाच रस्त्यावर आहेत. मोंडेगारमध्ये गर्दी व्हायच्या आत भिंतीलगतचं टेबल मिळवा. या गोंयकाराच्या रेषा जवळूनच बघाव्यात.

जेवायला ताजच्या मागच्या गल्लीत, बडेमियाँकडे जा. सीख कबाब आणि बैदा रोटी मागवा, आणि ऑर्डर देतानाच कांदा-चटणी जास्त सांगून ठेवा. रात्री अकरानंतर गल्ली फुगते, तेव्हा साडेनऊ ही चांगली वेळ.

तिथून मरीन ड्राइव्हला टॅक्सीने जा किंवा अर्धा तास चाला. कट्टा सुमारे साडेतीन किलोमीटरचा आहे. नरीमन पॉइंटच्या टोकाला वारा जास्त आणि माणसं कमी. स्वच्छतागृह मात्र वाटेत सहज सापडत नाही, म्हणून ते चर्चगेट स्टेशनवर आधीच उरकून घ्या. भरतीची वेळ पाहून जा. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती असेल तर लाटा कट्ट्यावरून रस्त्यावर येतात. त्या दिवशी समोरच्या फुटपाथवर उभं राहून बघा, टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, कधीही उतरू नका. शेवाळावर पाय घसरतो आणि दगडांच्या फटीत माणूस अडकला की वर काढणं कठीण होतं. चालत गिरगाव चौपाटीला पोहोचलात तर समोर बॅचलर्सचा ज्यूस आणि आइस्क्रीम आहे, तेही रात्री उशिरापर्यंत.

भेंडीबाजार आणि मोहम्मद अली रोड

हा पट्टा रमजानमध्ये बघावा. रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी सरकतो, तेव्हा तारीख पाहून ठेवा. मशीद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनला उतरून चालत जा, कारण गाडी आत शिरली की तासभर हलत नाही. उपवास सोडायच्या वेळी स्थानिकांना जागा असू द्या आणि आपण नऊनंतर पोहोचा. खाणं पहाटेच्या सहरीपर्यंत चालू राहतं.

इथे लोक चुकतात ते एकाच गोष्टीत: पहिल्याच गाडीवर पोट भरतात. चार जणांत एकेक प्लेट घ्या. आधी बोहरी मोहल्ल्यातले कबाब, मग नल्ली निहारी, शेवटी मिनारा मशिदीच्या गल्लीतला मालपुवा. हा मालपुवा अंड्याचा, तुपात तळलेला आणि मलईचा थर घेऊन येतो, एकट्याने संपवण्यासारखा नाही. सुलेमान उस्मानकडची फिरनी मातीच्या वाटीत मिळते. गोड उरकल्यावर ताज आइस्क्रीमचं हाताने फिरवलेल्या संच्यातलं आइस्क्रीम चाखा. हे दुकान १८८७ पासूनचं आहे. सुटे पैसे ठेवा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि नमाजाला निघालेल्यांची वाट अडवू नका.

दादर

दादरची रात्र नाटकाची. शिवाजी मंदिरचा रात्रीचा प्रयोग बहुधा साडेआठला असतो. दोन अंक आणि मध्यंतर धरून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात आणि तोवर आजूबाजूच्या मराठी खाणावळींच्या चुली विझलेल्या असतात. म्हणून सातलाच जेवा. तिकीट काढताना बाल्कनीत बसायचं असेल तर पहिल्या रांगा बघा. प्रयोगानंतर शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक चक्कर मारून गाडी पकडा.

परमिट रूम कधी पाहिली नसेल तर तीही मध्य मुंबईतच बघावी. एसी आणि नॉन-एसी हॉलचे दर वेगळे असतात, बसण्याआधी मेनूकार्ड मागा. ९० मिलीला नीप, १८० मिलीला क्वार्टर. दोघांनी क्वार्टर घेतला तर सुट्या पेगपेक्षा स्वस्त पडतो. शेंगदाणे, चणे किंवा काकडीचा चकणा बहुतेक ठिकाणी फुकट असतो.

लोअर परळ

गिरण्यांच्या आवारातले पब इथे दाटीने आहेत. शुक्रवार-शनिवारी फक्त पुरुषांचा गट असेल तर दारातूनच परत पाठवतात. चप्पल आणि हाफ पँटलाही अनेक ठिकाणी मनाई असते. फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रवेश फी किती, तिच्यातले किती पैसे खाण्यापिण्यात वळते होतात, आणि टेबल किती वाजेपर्यंत राखून ठेवतात. बहुतेक जागा पंधरा मिनिटं उशीर झाला की टेबल सोडून देतात.

कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जणांनी जीव गमावला. म्हणून आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं दुसरा दरवाजा आणि जिना शोधायला द्या. तो खुर्च्यांनी किंवा क्रेटनी अडवलेला दिसला, किंवा गच्चीवर ताडपत्रीखाली आगीचे खेळ चालू असले, तर दुसरी जागा बघा. ही खबरदारी जास्तीची नाही.

दीड वाजता सगळे पब एकदम रिकामे होतात. गिरणीच्या फाटकात कॅब बोलावू नका, चालत सेनापती बापट मार्गावर या आणि तिथलं ठिकाण टाका. किंवा पाऊणलाच उठा आणि शेवटची लोकल गाठा.

वांद्रे, जुहू, अंधेरी

वांद्रे स्टेशनबाहेर रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत. पाच मिनिटं हिल रोडच्या दिशेने चालत गेलात की रिक्षा मिळते. पाली नाक्याच्या आसपास जुने, परवडणारे बार आणि नवे कॉकटेल बार शेजारी-शेजारी आहेत. तिथे एक, फार तर दोन जागा करून कार्टर रोडच्या समुद्राकाठी जा. खाणं आधी उरका, कार्टर रोडच्या टपऱ्या बारापर्यंत आवरत्या घेतात.

जुहूला पृथ्वी थिएटर आहे. सोमवारी ते बंद असतं, आणि नाटक सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडत नाहीत. विलेपार्ले स्टेशनहून रिक्षाला संध्याकाळी तीस-चाळीस मिनिटं धरा. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोड आणि लोखंडवाला इथे तरुण गर्दी असते. दक्षिण मुंबईपेक्षा खर्च थोडा कमी येतो, पण तिथून स्टेशन लांब पडतं.

बायकांच्या गटासाठी: महिला डब्यात रात्री पोलिस असतात. काही डबे ठराविक वेळेतच महिलांसाठी राखीव असतात. वेळ डब्यावर लिहिलेली असते, ती वाचून चढा. ११२ सगळ्यांसाठी आणि मुंबई पोलिसांचा १०३ महिलांसाठी, दोन्ही नंबर फोनमध्ये वर ठेवा.

रात्रभर जागायचं ठरवलं असेल तर दादरचा फूलबाजार पहाटे चारच्या आसपास भरतो. माटुंग्याचं रामाश्रय पाचला उघडतं. इडली-वडा आणि फिल्टर कॉफी मागवा. पहिल्या लोकल साधारण सव्वाचारला सुटतात, पण रविवारी मेगाब्लॉक असेल तर घरी पोहोचण्यासाठी सकाळी दहाच्या आत गाडीत बसा.