पीएमईजीपीची सबसिडी: हातात येत नाही, आणि खात्यात दिसली तरी परत जाऊ शकते

पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नवीन युनिट टाकायला बँकेचं लोन आणि त्यावर सरकारची सबसिडी. आधी डोक्यातून प्रोजेक्टच्या खर्चाच्या ३५ टक्के सबसिडी हा आकडा काढा. व्हॉट्सॲपवरचं पोस्टर बघून जो तो तोच आकडा घेऊन येतो, आणि ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याला तो लागूच नाहीये. ३५ टक्के ग्रामीण भागात आणि तेही स्पेशल कॅटेगरीला, म्हणजे महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग वगैरे. शहरात याच लोकांना २५ टक्के. जनरल असाल तर शहरात १५, गावात २५. स्वतःचे पैसे जनरलला १० टक्के घालावे लागतात, स्पेशलला ५. प्रोजेक्टची मर्यादा २०२२ पासून मॅन्युफॅक्चरिंगला ५० लाख आणि सर्व्हिसला २० लाख. उद्यम (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), जीएसटी, सिबिल हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त उद्यम रजिस्ट्रेशन फुकट असतं एवढं लक्षात ठेवा, पैसे मागणाऱ्या साइट सरकारी दिसतात पण सरकारी नसतात.

माझं रबाळे एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात शाळेचे युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे. जुकी, ओव्हरलॉक, काज-बटणाची मशीन, एक कटिंग टेबल. लोन पीएमईजीपीतूनच घेतलं, हप्ते कधी चुकवले नाहीत, तरी सबसिडी पूर्ण बसली नाही, थोडा भाग परत गेला. हे कसं होऊ शकतं हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, ना सीएने, ना बँकेने, ना त्या सेमिनारवाल्या सरांनी. म्हणून आज तेच सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

समजा प्रोजेक्ट १० लाखांचा. मशीन, वायरिंग, फर्निचर मिळून ६ लाख आणि ४ लाख वर्किंग कॅपिटल, म्हणजे कापड, पगार वगैरेसाठी खेळता पैसा. अर्जदार बाई, जागा शहरात. स्वतःचे ५० हजार, बँकेचे साडेनऊ लाख, सबसिडी अडीच लाख. आता लोक हिशोब काय करतात, साडेनऊ आणि अडीच, म्हणजे बारा लाख हातात. नाही हो! हातात येणार ते १० लाखच, तुमचे ५० हजार धरून. अडीच लाख केव्हीआयसीकडून (ही स्कीम चालवणारा खादी ग्रामोद्योग आयोग) बँकेत येतात आणि तुमच्या नावाने टीडीआर (मुदत ठेव) बनून तीन वर्षं पडून राहतात. त्याला हात लावता येत नाही. त्यावर व्याज मिळत नाही, आणि बदल्यात तेवढ्या कर्जावर बँकेनेही व्याज लावायचं नाही असा नियम आहे. म्हणजे साडेनऊ घेतलेत तरी व्याज सातवर. पण हे कधीपासून, तर मार्जिन मनी बँकेत आल्यापासून (सबसिडीला बँकेच्या कागदात मार्जिन मनी म्हणतात, दोन्ही एकच). आधी कर्जाचा पहिला हप्ता तुमच्या खात्यात येतो, मग बँक क्लेम टाकते, मग पैसे येतात, यात महिने जातात आणि तोपर्यंत व्याज पूर्ण रकमेवर चालू. आणि आल्यानंतर बँकेच्या सिस्टीममध्ये व्याज आपोआप कमी होईल या भरवशावर राहू नका, स्टेटमेंट काढून बघा, कमी झालं नसेल तर लेखी द्या. इथे लाजू नका.

तीन वर्षांनी युनिट बघायला माणूस येतो, सगळं ठीक असेल तर ते अडीच लाख कर्जात वळते होतात. म्हणजे सबसिडीचा फायदा तुम्हाला शेवटी जाणवतो, सुरुवातीला नाही. सुरुवातीला, जेव्हा कारागिरांचा पगार, गाळ्याचं भाडं आणि लाइट बिल एकाच आठवड्यात येतं, तेव्हा सबसिडी तुमच्या काहीही कामाची नाही. ऐरोलीच्या एका ओळखीच्या मुलाने सबसिडी येईल म्हणून मित्राकडून हातउसने घेतले होते, ते फेडता फेडता मशीन विकायची वेळ आली. तेव्हा पहिल्या तीन वर्षांचा कॅश फ्लो सबसिडी शून्य धरून मांडा. त्यात धंदा तग धरत नसेल तर लोन घेऊच नका, खरंच सांगते.

हे झालं ते बऱ्याच लोकांना माहीत असतं. खरा सापळा पुढे आहे.

सबसिडी पूर्ण प्रोजेक्ट कॉस्टवर मोजतात आणि त्यात वर्किंग कॅपिटलची एक सायकल, म्हणजे माल घेण्यापासून पैसे परत येईपर्यंतचा एक फेरा, धरलेली असते. मग रिपोर्ट बनवणारा माणूस काय करतो, वर्किंग कॅपिटल फुगवतो, म्हणजे सबसिडीचा आकडा मोठा दिसतो आणि आपण खूश. बँक ते वर्किंग कॅपिटल कॅश क्रेडिट म्हणून देते, म्हणजे लिमिटपर्यंत हवे तेव्हा काढा, आले की भरा असं खातं, लिमिट ४ लाख. आता स्कीमच्या गाइडलाइनमध्ये एक ओळ आहे, की तीन वर्षांच्या लॉक-इनमध्ये ही लिमिट एकदा तरी पूर्ण १०० टक्के वापरलेली दिसली पाहिजे आणि एकूण वापर मंजूर लिमिटच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी नको. कमी असेल तर त्या प्रमाणात मार्जिन मनी बँकेने वसूल करून केव्हीआयसीला परत पाठवायचं. परत वाचा ती ओळ. कर्ज कमी वापरलं म्हणून सबसिडी कापली जाते.

आता माझा धंदा बघा. युनिफॉर्मचा सीझन मार्च ते जून. मार्चमध्ये भिवंडीहून टेरीकॉट उचलायचं, शर्टिंग घ्यायचं, कारागीर वाढवायचे, तेव्हा लिमिट पूर्ण भरते. जुलैपर्यंत शाळांचे आणि दुकानदारांचे पैसे येतात आणि ते मी खात्यात भरते, कारण व्याज वाचतं. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत लिमिट जवळपास रिकामी. आपल्या घरात काय शिकवलेलं असतं, पैसा आला की आधी कर्ज फेड. इथे तीच सवय अंगाशी येते. १०० टक्क्यांची अट माझी दर मार्चला पूर्ण होत होती, ७५ ची नाही. बँकेत ब्रँच मॅनेजर दोनदा बदलले, खातं स्टँडर्ड आहे, हप्ते वेळेवर आहेत, म्हणून कोणी काही बोललं नाही, आणि ॲडजस्टमेंटची, म्हणजे सबसिडी कर्जात वळती करायची वेळ आली तेव्हा युटिलायझेशनचा, लिमिट किती वापरली त्याचा कागद निघाला. वरच्याच उदाहरणात सांगायचं तर ४ लाखांच्या लिमिटवर १ लाख सबसिडी आहे, त्या १ लाखातून कापलं जातं. मशीनच्या भागाला काही होत नाही, तेवढा दिलासा.

मग करायचं काय. एक तर वर्किंग कॅपिटल तेवढंच टाका जेवढं बारा महिने खरोखर फिरणार आहे, सीझनच्या पीकप्रमाणे नाही. सबसिडीचा आकडा छोटा दिसेल, दिसू दे. काही बँका लहान प्रोजेक्टला वर्किंग कॅपिटलही टर्म लोनमध्येच घालून देतात, तसं जमतंय का विचारा. हप्ता थोडा वाढतो पण हा कॅश क्रेडिटचा घोळ राहत नाही. मी आता ऑफ सीझनला हाउसकीपिंगचे आणि हॉस्पिटलच्या स्टाफचे युनिफॉर्म घेते. कापड उधारीवर न घेता लिमिटमधून रोख घेते, व्यापारी रोखीला भाव कमी करतोच, त्यात व्याज बरंचसं निघून जातं. आणि दर मार्चएंडला बँकेकडून वर्षभराचा सरासरी वापर किती झाला ते काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त टक्केवारी दाखवायला पैसे काढून भावाच्या खात्यात टाकले असले उद्योग करू नका, व्याज फुकट जातं आणि फंड डायव्हर्ट केला म्हणून बँक वेगळं पकडते.

एजंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अर्ज ऑनलाइन आहे, फुकट आहे, केव्हीआयसी स्वतः सांगतं की मध्ये कोणी नाही. सबसिडीतले अमुक टक्के द्या म्हणणारा माणूस तुमची प्रोजेक्ट कॉस्ट फुगवणारच, त्याचं पोट त्यावर आहे. लोन मंजूर झालं की तो गायब, तीन वर्षांनी युटिलायझेशनचा कागद निघतो तेव्हा तुम्ही एकटे. रिपोर्टचे तयार नमुने केव्हीआयसीच्या साइटवर मिळतात, पण त्यातले भाडे-पगाराचे आकडे तसेच उचलू नका, त्या पैशात टीटीसी (ठाणे-बेलापूर) पट्ट्यात गाळा सोडा, पोटमाळा मिळणार नाही. आणि ते बिझनेस कोच प्रकरण, वाशीला हॉटेलात दिवसभर टाळ्या वाजवायला लावतात, त्यापेक्षा तुमच्या लाइनमधला एखादा माणूस शोधा ज्याने स्वतः सरकारी स्कीमचं लोन पूर्ण फेडलंय. घेतलेलं नाही, फेडलेलं. मला असा एक बॉक्सवाला शेजारी मिळाला, त्याने चहा पिता पिता जे सांगितलं ते कुठल्या कोर्सात नव्हतं. माझं नशीब की तो भेटला, आणि वाईट की उशिरा भेटला.

बँक अर्जातच निवडायची असते. जवळ आहे म्हणून ब्रँच टाकू नका, आधी जाऊन मॅनेजरला भेटा, यावर्षी किती केस केल्या विचारा, चेहऱ्यावरूनच कळतं. दहा लाखांपर्यंतच्या लोनला तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे, त्याला सीजीटीएमएसई या सरकारी हमी ट्रस्टची गॅरंटी असते. तरी आडून आडून एफडी ठेवा, पॉलिसी घ्या असं सुचवलं जातं. नम्रपणे नाही म्हणा. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि डीआयसीत (जिल्हा उद्योग केंद्रात) दाखवा. दुसऱ्या बँकेत केस होते, एका नकाराने खचून जायचं काही कारण नाही, माझ्या ओळखीत बहुतेकांना पहिल्या ब्रँचने हाकललंय.

जागेचं थोडक्यात. एमआयडीसीतला गाळा भाड्याने घेत असाल तर मालकाने सबलेटिंगची परवानगी काढली आहे का बघा. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर पाहिजे, नोटरीवर भागत नाही. आणि खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांनो, पत्ता नवी मुंबई लिहीत असलात तरी तुमचा जिल्हा रायगड आहे, म्हणजे डीआयसी अलिबागला, ठाण्याला नाही. युनिट कुठे आहे त्यावर जिल्हा ठरतो हे अर्ज भरायच्या आधी लक्षात घ्या.

ग्रामीण दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. पंचायतीच्या हद्दीत असेल ते ग्रामीण, महापालिका-नगरपालिकेत असेल ते शहरी, एवढं सोपं आहे. काल्हेर, पूर्णा वगैरे भिवंडीकडची गोडाऊनची गावं ग्रामपंचायतीत आहेत, तिथे खरंच युनिट टाकणार असाल तर दहा टक्के जास्त मिळतात, जरूर घ्या, फक्त कारागीर तिथे रोज येतील का तेवढं बघा. शीळफाट्याकडच्या चौदा गावांचं मात्र कधी महापालिकेत कधी बाहेर असं चाललेलं असतं, तिथे आजची स्थिती विचारूनच अर्ज करा. आणि शहापूरच्या मामाचा पत्ता देऊन तुर्भ्यात मशीन लावणार असाल तर व्हेरिफिकेशनला काय दाखवणार?

हो, पीएमईजीपी नवीन युनिटला असते. धंदा आधीच चालू असेल तर ही स्कीम तुमच्यासाठी नाही, चालू धंदा नवा म्हणून दाखवा सांगणारे भेटतील, पण जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट सगळं बोलतात. चालू धंद्याला मुद्रा लोन बघा, त्यात सबसिडी नाही पण कटकटही कमी. राज्याची सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) २०१९ पासून आहे, तीही डीआयसीतूनच, पण दोन्हीकडून सबसिडी मिळत नाही, एक निवडावी लागते. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना हा वेगळा प्रकार, त्यात आधी हप्ता तुम्ही भरता, मग व्याज परत येतं, तेव्हा खात्यात तेवढी हवा पाहिजे.

व्हेरिफिकेशनला घाबरू नका. मशीन जागेवर आहे का, बिलं आहेत का, माणसं कामावर आहेत का, बोर्ड आहे का, एवढंच बघतात. दारावर युनिटचं नाव आणि अमुक बँकेकडून पीएमईजीपीखाली अर्थसहाय्य असा बोर्ड लावायचा नियम आहे, तो पहिल्याच महिन्यात लावा. मशीनची ओरिजिनल बिलं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, पावसाळ्यात आमच्या गाळ्यात गुडघाभर पाणी आलं तेव्हा फाइल वरच्या रॅकवर होती म्हणून वाचली.

पहिलं लोन व्यवस्थित फेडलं आणि सबसिडी ॲडजस्ट झाली की युनिट वाढवायला दुसरं लोन मिळतं, मॅन्युफॅक्चरिंगला एक कोटीपर्यंत, त्यावर १५ टक्के. माझ्या मनात एम्ब्रॉयडरी मशीन आहे, शाळेचे लोगो सध्या बाहेरून करून घ्यावे लागतात. अजून ठरवलं नाहीये. घेतलं तर सगळं मशीनसाठी घेणार, कॅश क्रेडिट त्यात एक रुपयाचं नको असं सीएला आधीच सांगून ठेवलंय, तो अजून नाराज आहे.